‘म्हणजे तुम्ही नक्की काय करता?’

कोल्हापूरच्या एका तेहेतीस वर्षांच्या चित्रकर्तीने मला तीन प्रश्न विचारले आहेत. त्या मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढतात आणि त्यांचे घर त्यावरच चालते. त्याखेरीज त्या सुलेखन करतात, आठवड्यातून दोन दिवस कुंभारकामाच्या चाकावर बसतात आणि कविता लिहितात. घरची माणसे, जुने शिक्षक आणि एक-दोन ज्येष्ठ चित्रकारही त्यांना ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ असे ऐकवत आले आहेत. अलीकडे तर कामाला बसताना त्यांना स्वतःलाच वाटते, की आपण चित्रकार असल्याचे सोंग घेतले आहे आणि ते आज ना उद्या उघडे पडणार आहे. यातली एकच कला निवडावी का, ती निवडली तर ही शंका जाईल का, आणि येत्या जूनपासून बत्तीस पानांचे एक पुस्तक, एका दिवाळी अंकाची सात रेखाटने, सुलेखनाची एक कार्यशाळा आणि भट्टीतली पाळी असे सगळे एकदम आले आहे, त्यातले काय सोडावे, असे त्यांनी विचारले आहे. यापुढे थेट त्यांच्याशीच बोलते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर छोटे आहे, म्हणून ते आधी देते. शंका जाणार नाही. मी गेली एकोणतीस वर्षे पुण्यात मुखपृष्ठे आणि दिवाळी अंकांची रेखाटने करून पोट भरते आहे, शिवाय लिनोच्या (लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर कोरून) छपाया काढते आणि कळसूत्री बाहुल्या करते. पण माझ्या ओळखीत असेही चित्रकार आहेत, ज्यांनी चाळीस वर्षे जलरंगाखेरीज कशालाही हात लावलेला नाही, आणि प्रदर्शनाच्या आदल्या रात्री त्यांचाही डोळा लागत नाही. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे: ‘माझ्या आवडी अनेक आहेत म्हणून मला स्वतःबद्दल खात्री वाटत नाही.’ माझा सगळा आक्षेप त्यातल्या ‘म्हणून’ या शब्दावर आहे. आवडींची संख्या ही एक बाब आहे, ती वेळेच्या आणि पैशाच्या हिशेबाने सोडवावी लागते. शंका ही वेगळी बाब आहे, ती प्रत्यक्ष कामाकडे बारकाईने पाहून हाताळावी लागते. या दोन्हींची गाठ मारली की माणूस शंकेवर उपाय म्हणून आवडी कापत सुटतो, आणि शेवटी आवडीही जातात आणि शंकाही शिल्लक राहते. माझ्या एका वर्गमैत्रिणीने असेच केले. तिने गाणे सोडले, छपाई सोडली, फक्त जाहिरातींची रेखाटने धरली आणि पुढची सात वर्षे आपण जाहिरातीतही खोट्याच आहोत असे ती म्हणत राहिली.

एका माणसाची एकच कला हा दंडक आपल्याकडे फार जुना आहे असा समज असतो, म्हणून त्याबद्दल थोडे सांगते. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तिथल्या ठाकर समाजातले चित्रकथी चित्रांची पोथी पुढे ठेवून रामायण-महाभारतातल्या कथा सांगतात. चित्रे काढायची, ती दाखवत गायचे, वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीने कथा रंगवायची, चामड्याच्या छायाबाहुल्या करायच्या आणि कळसूत्री बाहुल्याही नाचवायच्या, असे हे सगळे एकाच घरात, बहुधा एकाच माणसाच्या अंगी असते. या परंपरेतले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. मी बाहुल्या पाहायला पहिल्यांदा तिथे गेले, तेव्हा शहरी सवयीने एका म्हाताऱ्या कलावंताला विचारले, की तुम्ही मुळात चित्रकार की गायक? त्यांना प्रश्नच कळला नाही. मी तो दोन-तीन प्रकारे फिरवून विचारला, मग त्यांनी माझी कीव येऊन चहा मागवला. कीर्तनकाराचेही तेच आहे. गाणे, अभिनय, आख्यान आणि वाचन यांतले एक काढून घेतले तर कीर्तन उभे राहत नाही.

विभागणी आली ती शिक्षणाच्या सोयीने. मुंबईत सर ज. जी. कलाशाळा १८५७ साली सुरू झाली, तिथे व्यावसायिक कलेचा विभाग १९३५ साली आला आणि १९६१ साली उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली. अभ्यासक्रम चालवायचा तर विभाग हवेतच, त्यात गैर काही नाही. घोटाळा होतो तो प्रवेश-अर्जावरचा रकाना आपण आयुष्यभर कपाळावर मिरवू लागतो तेव्हा. आणि गंमत अशी, की त्याच संस्थांतून बाहेर पडलेल्या मोठ्या माणसांनी तो रकाना फारसा मनावर घेतलेला दिसत नाही.

तुमच्याच कोल्हापुरात १९३२ साली जन्मलेले अरुण कोलटकर घ्या. ते ज. जी. कलाशाळेतून १९५७ साली पदविका घेऊन बाहेर पडले, जाहिरात क्षेत्रात पहिल्या रांगेतले कलादिग्दर्शक झाले, पखवाज शिकले आणि मराठी व इंग्रजी अशा दोन भाषांत कवी झाले. त्यांचा पहिला मराठी कवितासंग्रह १९७७ साली आला आणि त्यानंतरचे संग्रह थेट २००३ साली. मधली सव्वीस वर्षे बाहेरून पाहणाऱ्याला ‘हे आता कविता करत नाहीत’ असे वाटले असेल, आणि काम मात्र चालू होते. मला त्यांच्या उदाहरणात प्रतिभेइतकेच हे मोलाचे वाटते, की दोन कलांना त्यांनी एकाच वेळापत्रकावर चालवले नाही. जाहिरात ठरलेल्या तारखेला जात होती, कविता तिच्या तिच्या वेळेला. कलाशाळेबाहेरचे सुधीर पटवर्धन पुण्यातून डॉक्टर होऊन बाहेर पडले आणि १९७५ ते २००५ अशी तीस वर्षे ठाण्यात रेडिऑलॉजिस्ट म्हणून व्यवसाय करत त्यांनी चित्रे काढली; पूर्ण वेळ चित्रकार ते त्यानंतर झाले. चित्रकार के. के. हेब्बर यांनी चित्रातली लय समजावी म्हणून कथक शिकून घेतले. नर्तक होण्याचा त्यांचा बेत नव्हता. पण त्यांची रेषा पाहिली, की ती शिकवणी कुठे जिरली ते दिसते. आणि र. कृ. जोशी तर तुमच्या हातातल्या कामाचेच पूर्वज आहेत: कवी, जाहिरातीतले कलादिग्दर्शक, सुलेखनकार, मुंबईच्या आयआयटीतले शिक्षक आणि संगणकावरच्या ‘मंगल’ या देवनागरी टंकाचे रचनाकार. ‘चिंध्या’ म्हणून तुम्हाला हिणवणाऱ्यांनी तो टोमणा याच टंकात टाइप केला असण्याचीही शक्यता आहे.

मात्र ही नावे मी तुम्हाला दिलासा म्हणून देत नाही, कारण मोठ्या माणसांची उदाहरणे फसवी असतात. अनेक कलांच्या मागे धावून कशातच काही न झालेली माणसे त्यांच्यापेक्षा संख्येने कितीतरी जास्त असतील, आणि त्यांच्यावर कोणी लेख लिहीत नाही. वरच्या यादीतल्या प्रत्येकात एक गोष्ट समान आहे: जी कला त्यांनी आपली म्हणून लोकांपुढे आणली, तिच्यातले काम पुरे केले आणि ते त्या कलेतल्या जाणकारांपुढे ठेवले. टोमण्यातला खरा शब्द ‘धड’ आहे, ‘एक’ नव्हे. चार गोष्टी धड असतील तर त्या म्हणीला तुमच्यावर काही अधिकार उरत नाही. (चिंध्यांवरून गोधडीची उपमा आता येणार अशी अपेक्षा असेल तर ती मी मुद्दाम टाळते आहे, माझ्या आजीची गोधडी धड अंथरुणालाही पुरत नसे.)

म्हणून तुमच्या चारही कलांना मी एकच प्रश्न विचारीन: गेल्या दोन वर्षांत यातले काय पुरे झाले? विचार करून ठेवलेले, सुरू केलेले, ‘जवळजवळ झालेले’ असे काहीही धरायचे नाही. मी स्वतः हा प्रश्न मातीकामाला विचारला होता. दोन वर्षे मी चाक शिकले, माझ्याकडे सोलापूरच्या उन्हात वाळवल्यासारखे तडकलेले सात वाडगे होते आणि हत्यारे मात्र तीन पेट्या भरून होती. वही काढून पाहिली तेव्हा लक्षात आले, की मला माती आवडत नव्हती, मातीची हत्यारे विकत घेणे आवडत होते, आणि शनिवारच्या वर्गातल्या गप्पा आवडत होत्या. हत्यारे एका शिकाऊ मुलीला देऊन टाकली, गप्पांसाठी त्या मैत्रिणींना घरी बोलावू लागले. त्याचे मला आजवर दुःख झालेले नाही. याउलट बाहुल्यांचे कामही पैशाच्या दृष्टीने तोट्याचेच आहे, पण दर दोन वर्षांनी एक प्रयोग उभा राहतो, मुले तो पाहतात, दोरे गुंततात, आणि पुढच्या वेळी दोऱ्यांची लांबी कशी बदलायची ते मला कळलेले असते. ते मी सोडणार नाही. तुमचे मातीकाम यांपैकी कोणत्या जातीचे आहे हे मला इथे बसून सांगता येणार नाही, पण तुम्हाला एका संध्याकाळी वही घेऊन बसल्यावर नक्की सांगता येईल.

आता वेळेबद्दल. या विषयावर सल्ला देणारे बहुतेक जण पहाटे उठायला सांगतात. पहाटे उठून एकोणतीस वर्षांत माझे एकही चांगले चित्र झालेले नाही, त्यामुळे त्या वाटेला मी जात नाही. मला उपयोगी पडलेली समजूत वेगळी आहे: दोन कला एकत्र नांदतील की नाही हे त्यांतल्या थांबण्याच्या जागांवरून ठरते, आपल्याला त्या किती आवडतात यावरून ठरत नाही. लिनोची छपाई घ्या. एकाच ब्लॉकवर टप्प्याटप्प्याने कोरत जाऊन तीन-चार रंगांची छपाई करायची असेल, तर पहिला रंग मारल्यावर तेलाची शाई वाळायला दोन-तीन दिवस जातात, पावसाळ्यात त्याहून अधिक. त्या दिवसांत ब्लॉकला हात लावून उपयोग नसतो. मुखपृष्ठाचे कच्चे आराखडे करायला ते दिवस उत्तम, कारण प्रकाशकाकडून होकार येईपर्यंत त्यालाही थांबावेच लागते आणि तेवढ्यात पुढचा रंग कोरता येतो. मातीलाही असेच थांबणे आहे. चाकावरून उतरवलेले भांडे कातडीसारखे घट्ट होईपर्यंत एक-दोन दिवस, मग पूर्ण वाळायला आठवडा, पहिल्या भाजणीनंतर भट्टी निवायला साधारण एक दिवस, मग ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) आणि पुन्हा भट्टी. त्या मधल्या रिकाम्या जागांत पुस्तकाची पाने सहज बसतात.

बसत नाहीत त्या जोड्या वेगळ्याच असतात. बारीक कुंचल्याचे काम आणि लिनो कोरणे एकाच दिवशी किंवा लागोपाठच्या दिवशी करू नये, कारण तीन तास कोरल्यावर अंगठ्याच्या मुळाशी जो ताण राहतो तो दुसऱ्या दिवशीच्या बारीक रेषेत दिसतो. (थंडीत लिनो कडक होतो आणि ताण आणखी वाढतो, जानेवारीत मी ब्लॉक आधी अर्धा तास उन्हात ठेवते.) सुलेखन आणि पुस्तकाची अंतिम रेखाटने या दोघांनाही ताजा हात आणि सकाळचा उजेड लागतो, म्हणून त्या एकमेकींच्या सवती आहेत; त्यांना एका आठवड्यात न ठेवता वेगवेगळ्या महिन्यांत ठेवावे. कविता कुठे बसते हे मला माहीत नाही. पण तिला टेबल लागत नाही, एवढे तिच्या बाजूने आहे.

हे सगळे मी शहाणपणाने शिकले असे समजू नका. दिवाळी अंकांच्या चित्रकारांचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. जून-जुलैत कथा हाती येतात, ऑगस्टमध्ये रेखाटने जायला लागतात आणि सप्टेंबरमध्ये अंक छापखान्यात जातो. कारण दिवाळी कोणासाठी पुढे सरकत नाही. माझ्या कामाच्या सहाव्या वर्षी मी तीन अंकांची मिळून चौदा रेखाटने घेतली आणि त्याच ऑगस्टमध्ये गणपतीतल्या एका बाहुल्यांच्या प्रयोगालाही होकार दिला. प्रयोग बरा झाला. चौदांपैकी पाच रेखाटने आठ दिवस उशिरा गेली, एका संपादकांनी दोन कथा चित्रांविना छापल्या आणि पुढच्या वर्षापासून त्यांनी मला बोलावणे बंद केले. त्यांची काहीही चूक नव्हती. तेव्हा मी स्वतःला सांगितले, की ‘मला अनेक आवडी आहेत म्हणून असे झाले.’ खरे कारण इतके भव्य नव्हते: मी ऑगस्टमध्ये किती दिवस असतात ते मोजले नव्हते. त्यानंतर मी भिंतीवर बारा महिन्यांचा एकच मोठा कागद लावते, त्यावर आधी दिवाळी अंकांचे आणि पुस्तकांचे दिवस तांबड्या पेन्सिलीने भरते आणि उरलेल्या पांढऱ्या जागेत बाकीच्या कलांना राहायला सांगते. बाहुल्यांचे काम आता नेहमी डिसेंबर ते मार्च या काळात होते. बाहुल्यांनी तक्रार केलेली नाही.

शंकेकडे येते. १९७८ साली पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी, यशस्वी असूनही ‘आपण लोकांना फसवले आहे’ असे मानणाऱ्या स्त्रियांबद्दल एक निबंध लिहिला. तुम्ही जे वर्णन केले आहे ते त्यांच्या वर्णनाशी बरेच जुळते. त्यांनी त्याला रोग म्हटले नव्हते, तो ‘इम्पोस्टर’ (तोतयेपणाचा) अनुभव म्हणून मांडला होता, आणि ही नोंद महत्त्वाची आहे, कारण आजकाल त्या अनुभवाचे नाव घेऊन लोक प्रत्येक शंका मोडीत काढतात. शंका आली की ‘तो तुझा मनाचा खेळ आहे, तू फार छान काम करतेस’ असे मित्र म्हणतात. कधीकधी मात्र शंका बरोबर असते, हे मित्र सांगत नाहीत.

माझी होती. पस्तिशीच्या आसपास मला आपण चित्रकार नाही असे फार वाटू लागले. बक्षिसे मिळत होती, कामे येत होती, तरीही. एका वयस्कर चित्रकाराने माझ्या दहा मुखपृष्ठांची चळत पाहिली आणि विचारले, ‘तुझ्या माणसांना हात का नाहीत?’ मी पुन्हा पाहिले. कोणाचे हात पदराखाली होते, कोणाचे खिशात, कोणाचे पाठीमागे, एका बाईच्या हातांपुढे तर मी विनाकारण कुंडी ठेवली होती. मला हात काढता येत नव्हते, आणि ते लपवण्याचे कसब मी दहा वर्षे घोटवले होते. ‘मी खोटी आहे’ या धुरकट वाक्याच्या आत ‘मला हात काढता येत नाहीत’ हे अगदी नेमके वाक्य दडले होते. पहिल्यावर उपाय नव्हता. दुसऱ्यावर होता: एक वर्षभर आठवड्यातून तीन संध्याकाळी समोर माणूस बसवून रेखाटन. शंका त्यानंतर संपली असे नाही, पण ती हातांवरून उठून घोड्यांवर जाऊन बसली, आणि ही प्रगती आहे असे मी मानते.

तेव्हा शंका आली की तिला हुसकावू नका आणि तिचे पाय धरूनही बसू नका. तिला नाम आणि क्रियापद विचारा. कोणत्या चित्रात, कोणत्या जागी, काय जमलेले नाही? उत्तर आले तर तो अभ्यासाचा विषय झाला. उत्तर आलेच नाही, नुसताच ‘मी कोण आणि मला काय येते’ असा सूर राहिला, तर बहुधा तुम्ही दमलेल्या आहात, किंवा बिल थकले आहे, किंवा रात्री अकरा वाजता दुसऱ्याच्या चित्रांचे फोटो फोनवर पाहत बसला आहात. तिन्हींवर उपाय वेगळे आहेत आणि त्यांचा कलेशी संबंध नाही. हा सूर महिनोन्महिने उतरत नसेल, झोप आणि जेवणही बिघडत असेल, तर मात्र चित्रकाराचा सल्ला घेऊ नये, डॉक्टरांकडे जावे. हे मी संकोच न ठेवता लिहिते, कारण मी गेले आहे.

अनेक कला असणाऱ्यांच्या शंकेला आणखी एक खास वळण असते. दिवसभर पुस्तकाच्या चित्रात आपण तज्ज्ञ असतो आणि संध्याकाळी चाकावर पुन्हा पहिलीत बसतो. पहिलीतल्या बोटांची लाज दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्यासोबत टेबलाशी येते आणि तज्ज्ञ हातालाही खजील करते. तुमच्या पत्रात ‘वाडगा वाकडा झाला की पुस्तकाचे पानही काढवत नाही’ असे जे तुम्ही लिहिले आहे, ते हेच. माझी युक्ती बाळबोध आहे: शिकत असलेल्या कलेची वही आणि जागा वेगळी ठेवते, तिथले काम दोन वर्षे कोणाला दाखवत नाही आणि त्याचे फोटो काढत नाही. जे दाखवायचेच नाही त्याची लाज टिकत नाही. पण दोन वर्षांनी ते दाखवते, आणि दाखवते ते त्या कलेतल्या माणसाला. चित्रकार मैत्रिणीने माझ्या बाहुलीला छान म्हटले तर त्याने काही सिद्ध होत नाही. तिने आयुष्यात दोरा ओढलेला नाही.

पैशाचे थोडक्यात, कारण शंका सर्वांत आधी तिथेच बोलते. ‘फार काही नाही हो, जे द्यायचे ते द्या’ हे वाक्य मी तरुणपणी शेकडो वेळा उच्चारले आहे, आणि ते विनयाचे नव्हते. ज्या कलेवर घर चालते तिचा दर कागदावर लिहून ठेवा आणि तो वाचून दाखवा. तोंडी सांगताना आवाज आपोआप उतरतो. शिकाऊ कलेचे पैसे घ्यायचे नसतील तर घेऊ नका, पण पुस्तकाच्या चित्रांत ‘सुलेखनही करून देते’ असे फुकट घालू नका. ते वेगळे काम आहे, त्याची वेगळी ओळ बिलात हवी. हक्कांबद्दल लेखी पत्र करा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. उलट करार नसेल तर पैसे देऊन करवून घेतलेल्या रंगचित्राचा पहिला मालक ते करवून घेणारा ठरतो, म्हणून पत्र कामाआधी व्हायला हवे. अनेक कलांचे उत्पन्न असणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे: जीएसटीच्या नोंदणीसाठी उलाढाल कलेगणिक मोजत नाहीत. एका पॅनवरची पुस्तके, कार्यशाळा आणि विकलेले वाडगे यांची बेरीज होते, आणि सेवा देणाऱ्यांसाठी ती मर्यादा वर्षाला २० लाख रुपये आहे. त्या आकड्यापासून आपण बहुतेक जण सुरक्षित अंतरावर आहोत, पण कार्यशाळा फार चालू लागल्या तर सनदी लेखापालाला विचारून ठेवावे.

लग्नाकार्यात भेटणारी माणसे ‘म्हणजे तुम्ही नक्की काय करता?’ असे विचारतात, तेव्हा तुम्ही चारही गोष्टी सांगता आणि समोरच्याचा चेहरा कोरा होतो, असे तुम्ही लिहिले आहे. चारही सांगू नका. यात लपवाछपवी नाही. प्रकाशकाला मी बारा मुखपृष्ठे दाखवते, त्याला माझ्या बाहुल्यांशी कर्तव्य नसते. शाळेत प्रयोगाला जाते तेव्हा मुखपृष्ठांची वही घरी असते. जो समोर आहे त्याच्या उपयोगाचे जे आपण करतो, ते आपण ‘करतो’. ‘अष्टपैलू’ हा शब्दही मी ओळखपत्रावर घालणार नाही. क्रिकेटमधल्या अष्टपैलू खेळाडूलासुद्धा फलंदाजीला कितव्या क्रमांकावर जायचे ते सांगितलेले असते.

आता तुमच्या जूनबद्दल. बत्तीस पानांचे पुस्तक घ्या आणि तांबड्या पेन्सिलीने आधी तेच भरा. बत्तीस पाने म्हणजे सोळा पानांचे दोन फर्मे. पहिल्या फर्म्याचे आराखडे जूनअखेर, दुसऱ्याचे जुलैच्या मध्यापर्यंत मंजूर करून घ्या आणि अंतिम रंगकाम ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या आत देण्याचे कबूल करू नका. दिवाळी अंकाची सात रेखाटने फार वाटत असतील तर आत्ताच चार मागा. जूनमध्ये चार मागणारी चित्रकर्ती संपादकांना चालते, ऑगस्टमध्ये तीन न देणारी चालत नाही. सुलेखनाची कार्यशाळा नोव्हेंबरात, दिवाळीच्या सुट्टीनंतर घ्यायला सांगा, कारण तिला आणि तुमच्या अंतिम रेखाटनांना तोच सकाळचा हात लागणार आहे. भट्टीतली पाळी या पावसाळ्यात दुसऱ्या कोणाला द्या. ओल्या हवेत भांडी नीट वाळणार नाहीत, आणि नीट न वाळलेले भांडे भट्टीत फुटते, शेजारची भांडीही घेऊन. चाकावर मात्र आठवड्यातून एक दिवस बसा, भांडी न भाजता माती पुन्हा कालवून टाका. बोटे विसरणार नाहीत आणि वाकडा वाडगा सकाळी तुमच्यासमोर उभा राहणार नाही.

कविता मला पाठवू नका. कवितेतले मला कळत नाही, आणि मी त्यांना छान म्हटले तर तुम्ही विश्वास ठेवाल. ज्यांना कळते अशा एका संपादकाला पाठवा. पाच पाठवा, पंधरा नको, आणि ज्या पुऱ्या झाल्या आहेत त्याच.